दोन बोटं भुवईवर

नवी मुंबईची हवा बेरेटसाठी नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारसिकच्या डोंगरावरून थोडा गारवा खाली येतो, नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या तळ्याभोवती फेऱ्या मारणारे आजोबा लगेच माकडटोपी चढवतात आणि नऊ वाजता ती खिशात जाते. उरलेलं वर्ष घामाचं, त्यातले चार महिने पावसाचे. बेरेट मात्र लोकरीची. गोल, चपटी, पुढे कड नाही की मागे झालर नाही. उन्हात ती डोळ्यांवर सावली धरत नाही, पावसात कानामागे पाणी सोडते. उपयोगाच्या कसोटीवर या शहरात ती पहिल्याच फेरीत बाद व्हावी.

तरीही ती इथे आहे. सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी हार्बर किंवा ट्रान्सहार्बर लाइनच्या एखाद्या फलाटावर उभे राहा. खाकी गणवेश, आरशासारखे घासलेले बूट, डोक्यावर गडद हिरवी बेरेट आणि तिच्यावर लाल पिसांचा तुरा अशी एन.सी.सी.ची मुलं-मुली परेडला निघालेली दिसतील. हौसेने बेरेट घालणारेही शहरात वाढलेत. सीवूड्सच्या मॉलमध्ये, ऐरोलीच्या आय.टी. पार्कच्या गारेगार लॉबीत, खारघरच्या सेंट्रल पार्कात फोटो काढताना ते भेटतात. दोघांत फरक एकच, पण लांबूनही कळणारा. हौशी माणसाचा हात दर दोन मिनिटांनी डोक्याकडे जातो, मोबाइलच्या काचेत तो स्वतःला तपासतो. कॅडेट तपासत नाही. आपल्या डोक्यावर टोपी आहे हे ती विसरलेली असते. बेरेट ऐटीत कशी घालावी, हा प्रश्न मग पॅरिसच्या फॅशन मासिकांना विचारण्यापेक्षा या मुलांना विचारणं सोपं.

आणि खरं तर नवी मुंबईत बेरेट पॅरिसहून आलेलीच नाही. ती साताऱ्याहून आली, असं माझं मत आहे.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात सकाळी गेलं की पांढऱ्या टोप्या दिसतात. पाठीवर पोती वाहणारे हे माथाडी मोठ्या संख्येने सातारा जिल्ह्यातले, पाटण, जावळी, खटावकडचे. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, पुढे मुंबईतले घाऊक बाजार खाडी ओलांडून इकडे आले आणि त्यांच्यामागोमाग माणसंही कोपरखैरणे, घणसोलीच्या वसाहतींत येऊन राहिली. गावाकडे राहिलेल्या घरांत दुसरी वाट होती ती फौजेची. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला सगळा मुलूख 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतो. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. एका भावाने पाठीवर पोतं घेतलं, दुसऱ्याने पिट्टू. पोतंवाल्याच्या डोक्यावर पांढरी टोपी राहिली, पिट्टूवाल्याच्या डोक्यावर बेरेट आली. सुट्टीवर आलेला चुलता, त्याची ट्रंक, ट्रंकेत कागदात गुंडाळून ठेवलेली ती टोपी आणि तिला हात लावला म्हणून बसलेला धपाटा हा अनुभव सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या किती तरी घरांत सारखाच आहे. कोपरखैरण्याच्या वसाहतीतली नात आज कॉलेजात गेल्यावर पहिल्या आठवड्यात एन.सी.सी.च्या निवडीसाठी रांगेत उभी राहते, ती काही पॅरिसात राहणाऱ्या एमिली नावाच्या अमेरिकन पोरीची मालिका बघून नव्हे.

आता टोपी घडवण्याकडे. लेखाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच, म्हणून इथे जरा रेंगाळू.

पूर्वी कॅडेटला गणवेश युनिटच्या स्टोअरमधून मिळे. २०२२पासून गणवेशाचे पैसे थेट कॅडेटच्या बँक खात्यात जमा होऊ लागले, त्यामुळे पोरं आता बेरेट स्वतः विकत आणतात. विकत आणलेली नवी बेरेट म्हणजे निव्वळ कच्चा माल. ती डोक्यावर ठेवली की शिळी भाकरी ठेवल्यासारखी चहूबाजूंनी ताठ उभी राहते. पहिल्या परेडला नवखा कॅडेट ओळखायचा असेल तर त्याचा चेहरा बघायची गरज नसते. सीनियर हसतात, मग त्यातलाच एखादा बाजूला घेऊन सांगतो: घरी जा, गरम पाणी कर.

पद्धत अशी. आधी आतलं अस्तर, असेल तर, कात्रीने काढून टाकायचं. कारण अस्तर आकार धरू देत नाही. दाढीच्या साध्या रेझरने वरची लव हलक्या हाताने उतरवायची. घाई केली तर भोक पडतं. मग सोसवेल इतक्या कढत पाण्यात टोपी बुडवायची, पण कातडी पट्टा शक्यतो कोरडा ठेवून. बाहेर काढून पिळायची नाही. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपायचं. नंतर ती ओली टोपी डोक्यावर चढवायची. पट्टा कपाळावर आडवा, सरळ रेषेत, भुवयांच्या वर दोन बोटं. बिल्ला येतो ती जागा डाव्या डोळ्याच्या बरोबर वर. तिथे टोपी उभी राहिली पाहिजे, म्हणून बरीच मुलं आतून पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा बसवतात. उरलेला सगळा घेर उजवीकडे ओढून कानाकडे खाली उतरवायचा, तळहाताने दाबत, चुणी न पडू देता. आणि मग बसून राहायचं. पंख्याखाली, पाणी मानेवर उतरत असताना, तास दोन तास. टोपी डोक्यावरच वाळली पाहिजे. खुर्चीच्या पाठीवर वाळवली तर ती खुर्चीच्या मापाची होते. आई मधूनच डोकावते, 'सर्दी होईल गं, काढ ते,' म्हणते. काढायची नाही. स्वस्त कापड असेल तर रंग सुटतो आणि दुसऱ्या दिवशी कपाळावर हिरवट पट्टा घेऊन कॉलेजात जावं लागतं. पाण्याचा हा सगळा खेळ दोन-तीनदा केल्यावर टोपी ऐकू लागते.

यात जादू काही नाही, लोकर आहे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, ओलावा आणि दाब मिळाला की ते खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून घट्ट होतं. एकदा वाळलं की त्याच आकारात राहतं. मुळात बेरेट तयार होते तीही याच गुणावर. आधी सैल विणून, जोडून एक मोठी गोल पिशवी करतात. मग तिला साबणाच्या गरम पाण्यात हातोड्यांखाली तासन्‌तास कुटतात. ती आटते, दाट होते, पाणी चटकन आत शिरू देत नाही. मग रंग, साचा, घासणं, लव कातरणं. फ्रान्सच्या नैऋत्येला पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी ओलोरों-सँत-मारी नावाचं गाव आहे, तिथला लोलेर हा कारखाना १८४०पासून हेच करतो. सीमेपलीकडे स्पेनच्या बास्क मुलखात तोलोसा गावातल्या एलोसेगींचा कारखाना १८५८चा. मूळ गिऱ्हाईक धनगर: डोंगरात थंडी, वारा, रिमझिम, आणि हात कायम काठीत गुंतलेले. घोंगडीला जे काम आमच्या माणदेशात पडलं, ते तिकडे बेरेटला. कारखान्यात कुटलेल्या लोकरीला शेवटचा आकार मात्र डोकंच देतं, आणि नेमका हाच टप्पा दुकानातून बेरेट घेणारा हौशी माणूस टाळतो.

मुलींची एक वेगळी अडचण असते: केस. अंबाडा उंच बांधला तर बेरेट मागून उचलली जाते आणि पुढून डोळ्यांवर येते. म्हणून अंबाडा मानेवर, खाली, जाळीत घट्ट. भांग नाही, कपाळावर बटा नाहीत. वेण्यांच्या घरातून आलेल्या मुलीला हा अंबाडा जमायला टोपीपेक्षा जास्त वेळ लागतो. मागची फीत डोक्याच्या मापाने ओढून गाठ मारायची आणि टोकं आत खोचायची. ती बाहेर लोंबत राहिली की टर्नआउटमध्ये गुण गेले. परेडआधीच्या पाहणीला कॅडेटच्या बोलीत 'टर्नआउट' म्हणतात आणि महाराष्ट्रात ती सहज घेतली जात नाही. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरासाठी निवडीच्या एकामागून एक चाळण्या लागतात. महाराष्ट्र संचालनालयाने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं पंतप्रधानांचा ध्वज आणला. ड्रिल, सांस्कृतिक कार्यक्रम, शिबिरातली शिस्त असं बरंच काही त्यात मोजलं जातं. कुठे तरी हजारो टोप्यांवरची ती दोन बोटंही मोजली गेली असणार.

गंमत म्हणजे बेरेट कुठल्या बाजूला झुकवायची, यावर सैन्यांचं एकमत नाही. आपली आणि ब्रिटिशांची उजवीकडे उतरते, बिल्ला डाव्या डोळ्यावर. फ्रेंच सैन्याची बरोबर उलट. म्हणजे बेरेटच्या माहेरची पद्धत एक आणि आपल्याकडे आलेली दुसरी. आपण ती इंग्रजांकडून घेतली, आणि इंग्रजांनी घेतली ती रणगाड्यांच्या अडचणीतून. पहिल्या महायुद्धात रणगाडा नवा होता. आत जागा एवढीशी, सगळीकडे वंगण, बाहेर पाहायला चिंचोळी फट. पुढे कड असलेली टोपी त्या फटीवर आपटायची, फिकट टोपी पहिल्याच दिवशी तेलकट व्हायची. ब्रिटिश टँक कोअरच्या अधिकाऱ्यांनी फ्रान्सच्या डोंगरी पलटणींची, शासर आल्पांची, मोठी बेरेट पाहिली होती. तिचा घेर कमी करून, रंग काळा ठरवून १९२४मध्ये राजाची मान्यता मिळवण्यात आली. पुढे १९४२मध्ये उत्तर आफ्रिकेत मॉंटगोमरीने रणगाडेवाल्यांची तीच काळी बेरेट डोक्यावर घेतली, त्यावर एकाऐवजी दोन बिल्ले लावले आणि सेनापतीच्या ओळखीची पाटीच करून टाकली. शिस्तीत ते बसत नव्हतं. पण ती त्याला शोभली, हे त्याच्या शत्रूंनीही मान्य केलं असतं.

तो काळा रंग पाहायला नवी मुंबईकराला फार लांब जायला नको. चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा अहिल्यानगरात आहे, तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय तर सहलींच्या यादीतलं नेहमीचं. देवळालीला तोफखान्याची शाळा, कामठीला गार्ड्‌सचं केंद्र, पुण्यात अभियंत्यांचं महाविद्यालय, सीमेपलीकडे बेळगावला मराठा लाइट इन्फंट्री. महाराष्ट्राचा नकाशा काढून प्रत्येक छावणीच्या ठिकाणी तिथल्या बेरेटचा रंग भरला तर चांगलं रंगीबेरंगी चित्र होईल. पायदळाची गडद हिरवी, रणगाड्यांची काळी, मिलिटरी पोलिसांची लाल, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेल्यांची फिकट निळी. आपल्या तळोज्यातही रॅपिड अ‍ॅक्शन फोर्सची १०२ क्रमांकाची बटालियन आहे. दंगल झाली की टीव्हीवर जी निळ्या वर्दीतली माणसं दिसतात, त्यातली काही आपले शेजारीच.

आणि मरून. हा रंग बाकीच्यांपेक्षा निराळा, कारण तो नेमणुकीने मिळत नाही. पॅराशूट रेजिमेंटमध्ये जायचं तर स्वतःहून पुढे यावं लागतं, मग कसोटीचा काळ असतो आणि त्यातून कित्येकजण आपल्या मूळ पलटणीत परत जातात. त्या टोपीशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. १९५२मध्ये रेजिमेंट उभी राहिली तेव्हाच्या पहिल्या तीन बटालियनांतली दुसरी ही मराठ्यांची, 'टू पॅरा (मराठा)'. बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ला हीच बटालियन टांगाईलला विमानांतून उतरली, पुंगलीचा पूल तिने ताब्यात घेतला आणि पाच दिवसांनी ढाक्यात सगळ्यांत आधी शिरलेल्या भारतीय सैन्यात ती होती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या एकविसाव्या बटालियनचीही पुढे 'ट्वेंटीवन पॅरा (एसएफ)' झाली. तिचं टोपणनाव 'वाघनख'. कर्नल संतोष महाडिक याच तुकडीचे. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे. १७ नोव्हेंबर २०१५ला कुपवाड्याच्या जंगलात दहशतवाद्यांशी लढताना ते शहीद झाले. दोन मुलांची आई असलेल्या त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयाची सवलत मागून घेतली, चेन्नईच्या अकादमीत कुठल्याही कॅडेटसारखं प्रशिक्षण पुरं केलं आणि सप्टेंबर २०१७मध्ये लेफ्टनंट म्हणून बाहेर पडल्या. पासिंग आउटच्या दिवशीचे त्यांचे फोटो महाराष्ट्रभर गेले. कोपरखैरण्यातल्या मुली एन.सी.सी.च्या रांगेत का उभ्या राहतात, याचं उत्तर शोधताना ते फोटो विसरून चालणार नाही.

म्हणूनच हौशी वाचकाला पहिली सूचना रंगाची. मरून बेरेट घालू नका. गडद हिरवी बेरेट आणि बाकी साधे कपडे, इथवर ठीक. पण कुठल्याही बेरेटवर पलटणीचा बिल्ला, पॅरा कमांडोंचं 'बलिदान' चिन्ह, तुरा लावू नका. बाजारात हे सगळं सहज मिळतं, म्हणून ते सगळ्यांसाठी आहे असं नाही. सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने सैनिकासारखा वेश करणं किंवा चिन्ह बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा हेतू बघतो, फलाटावरचा निवृत्त सुभेदार तेवढंही बघत नाही. २०१९च्या विश्वचषकात 'बलिदान' चिन्हाचे यष्टिरक्षणाचे हातमोजे घातले म्हणून धोनीलासुद्धा क्रिकेट परिषदेने ते उतरवायला सांगितलं होतं, आणि तो तर प्रादेशिक सेनेच्या पॅराशूट बटालियनमधला मानद लेफ्टनंट कर्नल. त्याची अडचण क्रिकेटच्या नियमाची होती, तुमची त्याहून साधी आहे: ते तुमचं नाही.

मग हौशी माणसाने काय घालावं? काळी, करडी, गडद निळी, तपकिरी, विटकरी. लाल चालेल, पण मग अंगावर दुसरं काही लाल नको.

माप घेताना शिंप्याची टेप कपाळाच्या मध्यातून कानांच्या वरून मागच्या उंचवट्यापर्यंत फिरवा. लष्करी बेरेटचा घेर लहान आणि कडेला कातडी पट्टा असतो, तो घट्ट बसतो आणि शिस्तीत दिसतो. नागरी, बास्क पद्धतीच्या बेरेटला पट्टा नसतो, कड आत दुमडलेली असते, घेर मोठा असतो आणि मध्यावर एक इवलीशी शेंडी असते. ती शेंडी कापू नका. काही जण फालतू म्हणून कापतात आणि मग मध्यात भोक पडून वीण सुटते. लहान चेहऱ्याला फार मोठा घेर नको, रुंद खांद्यांना फार लहान नको. बाकी चेहऱ्याचा आकार चौकोनी की लंबगोल या चर्चेत मी पडणार नाही, आरसा ते तुमच्यापेक्षा लवकर सांगतो.

आणि कापड तपासा. युरोपच्या सहलीला गेलेली आपली मंडळी मोंमार्त्रच्या टेकडीवर बसमधून उतरतात, पायऱ्यांवर फोटो काढतात आणि तिथल्याच टपरीवरून पाच-सात बेरेट उचलतात: एक सुनेला, एक भाचीला, एक शेजारच्या वहिनींना. त्यांतल्या पुष्कळशा अ‍ॅक्रिलिकच्या असतात. अ‍ॅक्रिलिकच्या धाग्याला खवले नाहीत, त्यामुळे गरम पाण्यात टाकलं तरी त्या आकार धरत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि नेरूळच्या दुपारी डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधल्याचा अनुभव देतात. पाच घरांतल्या पाच कपाटांत त्या पडून आहेत, आणि प्रत्येक घरात निष्कर्ष एकच: 'आपल्याला नाही बाई शोभत.' शोभत नाही ती टोपी, माणूस नव्हे. लोकरीची खात्री नसेल तर आतला एखादा सुटा धागा काढून जाळून पाहा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते, अ‍ॅक्रिलिक वितळून गुठळी होते. इथल्या हवेसाठी सुती किंवा लिननची बेरेटही मिळते. तिला कडक आकार येत नाही, ती सैलच पडते, पण मार्च-एप्रिलमध्ये निदान घालता येते.

लोकरीची आणली असेल तर कॅडेटचीच पद्धत वापरा, फक्त पाणी कोमट ठेवा आणि लव उतरवू नका. ओली करा, टिपा, घाला, हवी त्या बाजूला झुकवा, वाळेपर्यंत घरात कामं करा. भांडी घासा, फोनवर बोला, मालिका बघा. यात एक फायदा टोपीचा आणि एक तुमचा. दोन तासांत डोक्याला तिच्या वजनाची सवय होते आणि आरशाची ओढ कमी होते. पहिल्यांदा बाहेर घालण्याआधी असे तीन-चार दिवस घरात काढलेला माणूस रस्त्यावर डोक्याला हात लावत नाही.

घालण्याच्या तऱ्हा पुष्कळ, पण उपयोगाच्या तीन. एक, सैनिकी तिरकी: पट्टा आडवा, घेर एका बाजूला. चष्मेवाल्यांना ही सगळ्यात छान, कारण चष्म्याची आडवी रेघ आणि पट्ट्याची आडवी रेघ जमून येतात. दुसरी, मागे ढकललेली, कपाळ मोकळं ठेवून. १९६७च्या 'बॉनी अँड क्लाइड'मध्ये फे डनवेने घातली तशी. त्या सिनेमानंतर फ्रान्सच्या कारखान्यांकडे बेरेटच्या मागणीची लाट आली होती. मोकळे किंवा आखूड केस असलेल्या मुलींना ती शोभते. लांब वेणी असेल तर वेणी एका खांद्यावरून पुढे घ्या आणि टोपी विरुद्ध बाजूला झुकवा. तिसरी, सरळ, कपाळावर ओढलेली, चे गव्हेरासारखी. आल्बेर्तो कोर्दाने मार्च १९६०मध्ये टिपलेला तो चेहरा आपल्याकडच्या वसतिगृहांच्या भिंतींवर दोन पिढ्या टांगलेला आहे. ही तऱ्हा दाढी असल्याशिवाय आणि चेहऱ्यावर थोडा राग असल्याशिवाय जमत नाही. शांत स्वभावाच्या माणसाने नादी लागू नये. बेरेटमध्ये राजकारण नेहमीच राहिलेलं आहे. १९६६मध्ये ओकलंडला स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाने काळी बेरेट आणि काळं जाकीट हाच गणवेश केला. सहा वर्षांनी, १९७२मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने त्यांच्याकडून नाव घेतलं आणि भाषा मात्र कामाठीपुऱ्याची, वडाळ्याची, स्वतःची आणली. उसनं घ्यावं तर असं.

कपड्यांचं म्हणाल तर एकच पथ्य: बेरेटबरोबर पॅरिस घालू नका. आडव्या पट्ट्यांचा टीशर्ट, गळ्यात रुमाल आणि बेरेट असं तिन्ही एकदम घातलं की शाळेच्या वेशभूषा स्पर्धेतला चित्रकार होतो. हातात पॅलेट तेवढी राहते. त्यापेक्षा खादीचा किंवा मंगळागिरीचा साधा कुर्ता, जीन्स आणि करडी बेरेट बघा. जाड सुती साडी, पूर्ण बाह्यांचं पोलकं आणि काळी बेरेट हे जानेवारीच्या संध्याकाळी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात किती सुरेख दिसेल, याची कल्पना ज्यांना येत नाही त्यांनी एकदा करून पाहावं. कानात मोठं असेल तर टोपी साधी. टोपीवर ब्रोच लावला तर कान मोकळे. डोक्याला तेल लावलेल्या दिवशी लोकरीची बेरेट घालू नका. खोबरेल पट्ट्यात मुरलं की वास जात नाही. टक्कल असलेल्यांनी तर ही टोपी आधीच जवळ करायला हवी होती. ऐरोलीच्या कार्यालयांतल्या एसीखाली दिवसभर बसणाऱ्या मोकळ्या डोक्याला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, आणि माकडटोपीत माणूस जसा आजारी दिसतो तसा यात दिसत नाही.

उरला धीराचा प्रश्न. सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणी तरी विचारणारच: 'अरे, शूटिंग वगैरे आहे का?' मजल्यावरच्या काकू म्हणतील, 'अगं, हे काय डोक्यावर?' रिक्षावाला 'आर्मी का?' म्हणून आरशातून बघेल. तिघांना तीन उत्तरं द्यायची गरज नाही. 'टोपी आहे, आवडली,' एवढं पुरतं. आपल्याकडे डोक्यावरच्या वस्तूची चौकशी करणं हा हक्क समजला जातो, आणि तो काही वाईट नाही. ज्या समाजात पुणेरी पगडी, शिंदेशाही, कोल्हापुरी फेटा, पांढरी टोपी अशी प्रत्येकाची गाव-पेशासकट ओळख डोक्यावरून पटत असे, तिथे नवी टोपी आली की लोक पत्ता विचारणारच. नवी मुंबईत मात्र कुणाच्याच डोक्यावरचा पत्ता इथला नाही. आगरी-कोळ्यांची गावं सोडली तर सगळेच इथे कुठून तरी आले, सेक्टरच्या नंबराने राहू लागले. कुठली टोपी परकी म्हणायची, हे ठरवायला इथे जुनं वतन कुणाकडे आहे?

पांढऱ्या टोपीची ऐट बघा. तुर्भ्याच्या बाजारात काम संपवून, हातपाय धुऊन, इस्त्रीची टोपी घालून घरी निघालेला म्हातारा माथाडी तिला बोटाने पुढे किंचित झुकवतो. ते त्याला कुणी शिकवलेलं नाही. त्या टोपीलाही खळ लागते, घडी लागते, डोक्यावर बसवावी लागते, आणि रोज घातल्यामुळे ती त्याच्या कपाळाचा भाग होते. नातीची बेरेट त्याच्या टोपीहून वेगळी दिसते, घालायची अक्कल तीच. २६ जानेवारीला शिवाजी पार्कच्या संचलनात एन.सी.सी.ची पथकं निघतात, तेव्हा कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या घरच्यांत अशा पांढऱ्या टोप्याही असतात.

राहिली निगा. रोज घातली तर महिन्यातून एकदा मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा. डाग पडला तर थंड पाण्याने आणि सौम्य शाम्पूने तेवढाच भाग पुसा. वॉशिंग मशीनमध्ये टाकली तर भाच्याच्या मापाची होऊन बाहेर येईल. खुंटीला टांगू नका, तिथे टोक निघतं. आत कागद भरून सपाट ठेवा. मे महिना संपत आला की पूर्ण वाळवून, हवाबंद पिशवीत, डांबरगोळ्या किंवा वाळलेला कडुनिंब घालून कपाटाच्या वरच्या खणात टाका; पावसाळ्यात इथे बुरशी आणि कसर दोन्ही लोकरीवर तुटून पडतात. दसऱ्यानंतर बाहेर काढा, दोन दिवस सावलीत हवा लागू द्या, कडक उन्हात नाही, आणि पहिल्यांदा घालताना पुन्हा एकदा थोडी ओली करून घ्या. चार महिन्यांत ती तुमचं डोकं विसरलेली असते.